घर आणि आभाळ यांच्यामधली जागा

संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: ‘शहरी जगणं निसर्गाशी जोडणारं आजचं घर’. ऐकून आधी जरा संकोचच वाटला. आम्ही काही वास्तुरचनाकार नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि बांधकामाशी संबंध आला तो सोसायटीच्या गळक्या गच्चीपुरता. पण मग लक्षात आलं की ‘जोडणं’ हा शब्द आमच्याच खात्यातला आहे. दोन गोष्टी जोडायच्या म्हटल्या की त्या आधी तुटलेल्या आहेत असं धरून चालावं लागतं. घर अलीकडे, निसर्ग पलीकडे आणि मध्ये भिंत, असं आपण कधीपासून धरून चाललो? हा प्रश्न इतिहासाचा आहे. तेव्हा आज थोडा इतिहास सांगू. तो मुख्यतः कोकण, पुणे आणि मुंबई इथला असेल, कारण ही घरं आम्ही आतून पाहिलेली आहेत.

विषय जवळचा वाटण्याचं दुसरंही एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. पुण्यातली आमची इमारत १९८७ सालची. ती आता पुनर्विकासाला निघाली आहे. विकसकाने सभासदांपुढे दोन नकाशे ठेवलेत. पहिल्यात हॉल ऐसपैस, समोर जमिनीपासून छतापर्यंत काच, बाल्कनी नाही. दुसऱ्यात हॉल आखूड, पण त्याच्यापुढे सहा फूट खोल बाल्कनी, जिच्यात खुर्ची टाकून बसता येईल आणि पाऊसही आत येईल. चोवीस सभासद आहेत. पुढच्या महिन्यात मतदान. गेल्या रविवारच्या बैठकीत हात वर करून अंदाज घेतला, तर दुसऱ्या नकाशाच्या बाजूने पाच हात. त्यातले दोन आमच्या घरचे. (हशा) सोसायटीत मत एका घराला एकच असतं, त्यामुळे खरं म्हणजे चारच. तर हे व्याख्यान काही अंशी त्या बैठकीत आम्हाला जे नीट बोलता आलं नाही त्याची तयारी आहे असं समजा.

आमचं आजोळ राजापूर तालुक्यातलं. रस्त्यावरून घरात शिरायचं म्हणजे एकदम ‘आत’ जाता येत नसे. आधी गडगा ओलांडायचा, मग खळं, मग दोन पायऱ्या चढून ओटी, मग पडवी, मग माजघर, आणि सगळ्यात आत देवघर नि स्वयंपाकघर. मागच्या दाराने पुन्हा पडवी, न्हाणी, परसू, विहीर. आता या यादीत घर नेमकं कुठे सुरू झालं? खळं हे घर का? त्याला छप्पर नाही. पण मे महिन्यात त्याच्यावर मांडव पडला की सगळा संसार तिथेच. ओटीला छप्पर आहे पण दार नाही. पडवीला एक भिंत आहे, दुसरी नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पडवीच्या उघड्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, म्हणजे ती चार महिन्यांपुरती खोली व्हायची. दिवाळीच्या आसपास झाप काढले की पुन्हा पडवी. उजेड आत-बाहेर करायला काच नव्हती. कौलांच्या पागोळ्या पडत असायच्या त्या रेषेच्या आत आपण, बाहेर पाऊस. ती रेषाही वारा फिरला की हलायची.

इंग्रजीत, आणि आता इंग्रजीच्या वळणाने मराठीतही, आपण ‘इंटेरिअर’ आणि ‘एक्स्टेरिअर’ असे दोनच कप्पे करतो. आजोळच्या घरात असे कप्पे करायला गेलात तर निम्मं घर कुठल्याच कप्प्यात बसायचं नाही. ओटी, पडवी, ओसरी, सोपा, पुढे गोव्यात गेलं की बल्कांव, मुंबईत व्हरांडा आणि गॅलरी. इतक्या शब्दांची गरज पडली, कारण माणसं दिवसातला बराचसा वेळ तिथेच असायची.

इथे एका जपानी तत्त्वज्ञाचं नाव घ्यायला हवं. वात्सुजी तेत्सुरो. १९२७ साली ते जर्मनीला शिकायला गेले आणि नुकताच छापून आलेला हायडेगरचा मोठा ग्रंथ त्यांनी तिथे वाचला. त्यांची तक्रार अशी होती की या ग्रंथात माणसाचं असणं काळाच्या अंगाने फार खोल उलगडलंय, पण माणूस कुठल्यातरी जागेत, कुठल्यातरी हवेत असतो, हे मात्र मागे राहिलंय. १९३५ साली त्यांचं ‘फूदो’ हे पुस्तक आलं. फूदो म्हणजे शब्दशः वारा आणि माती. त्यांचं उदाहरण साधं आहे. थंडी म्हणजे बाहेर असलेली एक वस्तू आणि ती येऊन आपल्याला लागते, असं नसतं. थंडी वाजते तेव्हा आपण आधीच त्या थंडीत बाहेर गेलेले असतो. त्या थंडीतच आपण स्वतःला सापडतो, आणि मग पांघरूण काढतो, शेकोटी पेटवतो, भिंत जाड करतो. म्हणजे घर हे माणसाने हवामानातून स्वतःला समजून घेण्याची एक रीत आहे.

वर्गात हे शिकवताना मुलं नुसती मान डोलवायची. मग आम्ही विचारायचो, पहिला पाऊस पडल्यावर तुम्ही काय करता? सगळे एकदम म्हणायचे, ‘बाहेर येतो’. बाहेर म्हणजे कुठे? रस्त्यावर नाही. गॅलरीत. झालं, वात्सुजी कळले.

पुढे मात्र वात्सुजी मोसमी प्रदेशातल्या लोकांना सोशिक, निमूटपणे स्वीकारणारे वगैरे ठरवतात, आणि तिथे आमचं त्यांच्याशी पटत नाही. मे महिन्याच्या अखेरीला कोकणात शाकारणी कशी चालते, हे त्यांनी पाहिलं असतं तर ‘निमूटपणे’ हा शब्द त्यांनी वापरला नसता. कौलं उतरवा, फुटकी बदला, लाकडं आत घ्या, झाप विणा, गटारं मोकळी करा. पावसाला घरात थोडी जागा द्यायची म्हणजे केवढा उद्योग असतो!

आता पुण्याचा वाडा. गावातल्या घराला चहूबाजूंनी जागा असते, शहरातल्या घराला ती नसते. शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला लागलेली. मग बाहेरचं आभाळ आत आणावं लागतं, आणि वाड्याने तेच केलं. रस्त्याच्या बाजूने बहुतेक वाडे बंद, भारी दार, त्यात दिंडी. आत गेलं की चौक आणि चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी. मोठा वाडा असेल तर एकामागून एक दोन-तीन चौक. १८०७ साली बांधून झालेला विश्रामबागवाडा अजून उभा आहे, तिथे जाऊन बघा, पण दुपारी जा. एप्रिलच्या उन्हातून चौकाच्या ओसरीवर पाऊल टाकल्यावर जो फरक पडतो तो अंगावर घेण्याचा आहे, नकाशात दिसायचा नाही. लाकडी खांब, खांबाखांबांत मोजलेले खण, जाड भिंती, आणि मधून वर जाणारी गरम हवा. त्यात अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळाने शहरात आणलं गेलं आणि ठिकठिकाणी हौद भरू लागले. डोंगरातल्या पाण्याची आणि दाट पेठेतल्या घराची गाठ घालणारी ही केवढी मोठी योजना! शहरी घर निसर्गाशी जोडणं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, एवढंच यावरून म्हणायचंय.

पण थांबा. या वाड्यांविषयी बोलताना आमच्या वयाच्या माणसांचा गळा जरा जास्तच दाटून येतो, आणि ते आम्हाला मान्य नाही. ओसरी सगळ्यांची नव्हती. कोणी ओसरीवर चढायचं, कोणी पायरीशी उभं राहायचं आणि कोणी दिंडीच्या आतही यायचं नाही, हे जातीने ठरलेलं होतं. आत-बाहेरच्या मधली ही जागा म्हणजे एक चाळणीही होती. दुसरी गोष्ट कष्टांची. अंगण रोज झाडायचं, शेणाने सारवायचं, विहिरीचं पाणी शेंदायचं, पावसात ओली लाकडं फुंकायची, हे कोण करत होतं? आमच्या आईला परसातल्या जास्वंदीचं कौतुक आम्ही सांगायला लागलो की ती म्हणायची, ‘तुला फुलं आठवतात, मला कळश्या आठवतात.’ १९६२ साली लग्नानंतर तेरा वर्षांनी ती पुण्यात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आली आणि नळ सोडून पाणी आलेलं पाहून तिला जो आनंद झाला तो खराच होता. त्यामुळे जुनं घर निसर्गाजवळ होतं आणि नवं दूर गेलं, अशी सरळ घसरगुंडी इतिहासात नाही. जवळीक कोणाच्या कंबरेवर उभी होती, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मुंबईत हाच प्रश्न एका साथीने विचारला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण सापडला. दाट वस्ती, खोलीला खोली लागलेली, मध्ये उजेड नाही. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालेलं नव्हतं. ओल, अंधार आणि कोंदट हवा हीच मुख्य कारणं मानली जात. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कितीतरी घरं पाडली, गोरगरिबांना उठवलं, त्याबद्दल त्याच्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण या ट्रस्टच्या कारभारातून एक नियम पुढे आला, तो आम्हाला फार आवडतो. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीला उजेड आणि हवा मिळायची असेल तर समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खिडकीच्या तळापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. त्रिकोणमिती आठवत असेल तर हिशेब सोपा आहे. इमारत जेवढी उंच, तिच्या निदान निम्मी जागा समोर मोकळी हवी. ट्रस्टचे एक अध्यक्ष, जे. पी. ऑर, या नियमाचा हिरीरीने पुरस्कार करत.

यात गंमत काय आहे बघा. वाड्याने आभाळ आत घेतलं होतं ते वहिवाटीने. इथे पहिल्यांदा आभाळ कोनात मोजलं गेलं आणि नागरिकाचा त्याच्यावर हक्क आहे असं निदान कागदावर आलं. ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या जुन्या गल्ल्यांतून आजही चाललात तर इमारतींमधलं अंतर, पुढे आलेले सज्जे आणि त्या सज्ज्यांना टेकलेली झाडं दिसतात. तिथलं घर म्हणजे फ्लॅट. अंगण नाही, विहीर नाही, कळश्या नाहीत. ओसरीच्या मोबदल्यात मिळाला तो चार फुटी सज्जा. गिरणगावातल्या चाळीत तोही एकट्याचा नव्हता. सामाईक गॅलरी होती, आणि दहा बाय दहाच्या खोलीत माणसं राहू शकली ती त्या गॅलरीच्या जिवावर.

आता आपण ज्यांच्याकडे यायला निघालो होतो त्यांच्याकडे येऊ. चार्ल्स कोरिया. जन्म १९३० चा, सिकंदराबादचा, घराणं मूळचं गोव्याचं. अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटीत शिकून ते परतले आणि १९५८ पासून मुंबईत काम करू लागले. त्या पिढीपुढे काचेच्या पेट्यांचा आधुनिक नमुना होता. थंड देशात उभा राहिलेला. थंड देशात घर ही उष्णता कोंडून ठेवणारी बंद पेटी असते, ते तिथे बरोबरच आहे. आपल्याकडे त्या पेटीत माणूस शिजतो. कोरियांनी आयुष्यभर लावून धरलेला मुद्दा असा की उष्ण प्रदेशात आभाळाखालची मोकळी जागा हीसुद्धा राहण्याची जागा आहे. खोलीचा उपयोग पूर्ण एक धरला तर अंगणाचा, गच्चीचा, ओसरीचा उपयोग हवामानाप्रमाणे त्याचा काही अंश धरावा. पण तो शून्य धरू नये. ऐकायला साधं वाटतं. आपले सगळे नियम तो शून्य धरतात, हे पुढे बघूच.

त्यांची सुरुवातीची दोन घरं अहमदाबादची. साठच्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेसाठी केलेलं ‘ट्यूब हाऊस’: जेमतेम पावणेचार मीटर रुंद, लांबट, उतरतं छप्पर, तापलेली हवा वर चढून माथ्यावरच्या फटीतून जायची आणि खालून गार हवा ओढली जायची. विजेशिवाय. अल्प उत्पन्न गटासाठी. पुढे ते पाडलं गेलं. दुसरं पारेख यांचं घर. त्यात दोन वेगळे भाग: एक उन्हाळ्यातल्या दुपारसाठी, खाली रुंद आणि वर निमुळता, ऊन आत येऊ न देणारा; दुसरा हिवाळ्यासाठी आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळसाठी, वर आभाळाकडे उघडणारा. घरातल्या माणसाने दिवसाप्रमाणे, ऋतूप्रमाणे घरातल्या घरात मुक्काम हलवायचा. विदर्भातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. मे महिन्यात नागपूरकर रात्री गच्चीवर गाद्या घालतात, तेव्हा तेही हेच करत असतात.

मग मुंबई. कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ ही इमारत. १९७० साली काम हाती घेतलं, १९८३ साली पूर्ण झालं. मुंबईच्या घरापुढे एक जुना पेच आहे. वारा पश्चिमेचा, समुद्राचा देखावाही पश्चिमेला, पूर्वेला बंदर. तेव्हा घर पूर्व-पश्चिम उघडावं. पण तापलेलं ऊनही पश्चिमेचं आणि झोडपणारा पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी काय केलं होतं? राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळला होता. ऊन आणि पाऊस व्हरांड्यावर थांबायचे, वारा तेवढा आत यायचा. कोरियांनी तो व्हरांडा अठ्ठावीस मजल्यांच्या मनोऱ्यात नेला. नुसता नेला नाही, दोन मजले उंच केला आणि कोपऱ्यात बसवला. त्यामुळे इमारतीकडे लांबून पाहिलं की कोपरे कोरून काढल्यासारखे दिसतात. ती प्रत्येक खाच म्हणजे एकेका घराचं अंगण. इमारतीची बाजू २१ मीटर आणि उंची तिच्या चौपट. संरचनेचं काम शिरीष पटेल यांचं. हे पटेल म्हणजे तेच, ज्यांनी कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना १९६५ च्या सुमारास ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली होती.

आम्ही एकदा, एका विद्यार्थ्याच्या ओळखीने, तिथल्या एका अंगणात जून महिन्यात उभे राहिलो आहोत. पाऊस येताना आधी समुद्रावर दिसला, मग अंगणाच्या कडेच्या लाद्या भिजल्या, मग मधल्या. आम्ही मागे मागे सरकत गेलो. पागोळ्यांची रेषा हलते म्हटलं ना, तीच रेषा इतक्या वर.

आणि तरीही मनात खटकत राहतंच. एवढ्या इमारतीत घरं बत्तीस. कुंड्यांना पाणी घालायला माळी. आईच्या कळश्या इथे दुसऱ्या कोणाच्या तरी कंबरेवर गेल्या, एवढंच. चांगल्या घराची युक्ती सापडली, पण ती श्रीमंतांनाच परवडणारी असेल तर तो दागिना झाला.

म्हणून आमच्या दृष्टीने कोरियांचं अधिक महत्त्वाचं काम बेलापूरला आहे, सिडकोसाठी त्यांनी रचलेली वसाहत, जिला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. १९८३ ते १९८६. डोंगराच्या पायथ्याशी, मधून पावसाळी ओढा. तिथे कोरियांनी मोकळी जागा एकेकट्या घराला सगळी न देता वाटून दिली. सात घरांच्या मध्ये एक आठ मीटर चौरसाचं अंगण. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरं, त्यांच्यात बारा मीटर चौरसाचं अंगण. असं वाढत वाढत ओढ्यापर्यंत. शिवाय प्रत्येक घराला स्वतःची थोडी उघडी जागा. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर; म्हणजे कमी मिळवणारा आणि जास्त मिळवणारा यांच्या जागांत फार तफावत नाही. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, कारण घर वाढवायचं झालं तर शेजाऱ्याची परवानगी लागू नये. आणि बांधकाम असं की साधा गवंडीही ते दुरुस्त करू शकेल. दाटी हेक्टरी ५०० माणसांची, म्हणजे बऱ्यापैकी शहरी, आणि तरी इमारती बुटक्या.

आज तिथे गेलात तर मूळची उतरत्या कौलांची घरं शोधावी लागतात. कित्येकांनी पाडून दोन-तीन मजली सिमेंटची घरं बांधली. वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघून हळहळतात. आम्हाला तितकीशी हळहळ वाटली नाही. घर वाढेल हे धरूनच तर ती रचना केली होती. आमचं लक्ष होतं अंगणांकडे. आम्ही गेलो तेव्हा एका सात घरांच्या अंगणात पापड वाळत होते, एका कडेला स्कूटर, आणि दोन मुली क्रिकेट खेळत होत्या. अंगणावर कोणी बांधकाम चढवलं नव्हतं. का नाही? ते एकट्याचं नव्हतं म्हणून. सातजणांच्या डोळ्यांदेखत ते गिळणं अवघड जातं. स्वतःच्या हद्दीतली उघडी जागा मात्र बहुतेकांनी खोलीत घेतली होती. यावरून सिद्धान्त मांडायचा मोह होतो, पण दोन-तीन भेटींवर सिद्धान्त मांडू नये असं आम्हीच विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत.

आता तो शून्याचा हिशेब. साठच्या दशकापासून मुंबईत एफएसआय आला. भूखंडाच्या क्षेत्राच्या अमुक पट बांधकाम. मोजायची ती चटई. मग बाल्कनीचं काय करायचं? नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. लोकांना बाल्कनी मिळावी म्हणून ठरावीक प्रमाणापर्यंत ती हिशेबातून वगळली. झालं उलटंच. जी जागा मोजली जात नाही ती फुकट, आणि फुकटची जागा खोलीत घेतली तर खोली फुकटात वाढते! पुढे शुल्क भरून बाल्कनी बंद करायलाही मुभा मिळाली. मुंबईत तर नंतर ‘फ्लॉवर बेड’ नावाचा प्रकार बोकाळला. खिडकीबाहेर फुलझाडांसाठी म्हणून कप्पा, मोजणीतून वगळलेला. ताबा मिळाला की मधली भिंत काढायची आणि फुलझाडांच्या जागी पलंग. कागदावर मुंबईत किती बागा फुलल्या असतील! शेवटी २०१२ च्या जानेवारीत महापालिकेने नियम बदलले आणि बाल्कनी, फ्लॉवर बेड, सगळं मोजणीत घेतलं. बदल्यात घरांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत जादा ‘फंजिबल’ एफएसआय शुल्क घेऊन देऊ केला. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० साली एकत्रित नियमावली आली, तिच्यातही इमारतीच्या बाहेरच्या रेषेच्या आतलं सारं मोजलं जातं. चोरी थांबली हे चांगलंच झालं. पण आता बाल्कनीचा एक फूट आणि हॉलचा एक फूट यांची किंमत एकच. आणि किंमत एकच म्हटल्यावर माणूस हॉल घेतो. आधी ओसरीला शून्य किंमत होती म्हणून ती गेली, आता पूर्ण किंमत आहे म्हणून जाते.

या चोरीत आम्हीही होतो, हे लपवत नाही. १९९६ साली आमची पुस्तकं घरात मावेनात. सौ. म्हणाल्या, बाल्कनी बंद करून घेऊ. आम्ही शुल्क भरलं, सरकत्या काचा बसवल्या, तीन भिंतींना कपाटं केली. तेव्हा आई आमच्याकडे होती. गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. रोज सकाळी ती बाल्कनीत स्टूल टाकून बसायची. समोरच्या कडुनिंबावर तिचं लक्ष असायचं आणि खालच्या भाजीवाल्याशी दोन शब्द. काम झाल्यावर तिने काचेशी स्टूल नेलं. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी नाही. आम्ही विचारलं, ‘अगं दिसतंय की सगळं?’ तर म्हणाली, ‘दिसतं रे. पण वास येत नाही.’ आणि ती आत जाऊन बसली. पुढची चार वर्षं आतच बसली. आम्ही त्या काळात ज्ञानमीमांसेवर पुस्तक लिहीत होतो, त्याच कपाटांच्या मध्ये टेबल टाकून. काचेतून निंब छान दिसायचा.

जिला कळश्या आठवायच्या तीच ही बाई. तिला परसू परत नको होता, विहीर नको होती. स्टूल ठेवण्यापुरती जागा हवी होती, जिथे वारा लागेल.

तर मतदान पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. बैठकीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं की बाल्कनीतलं पावसाचं पाणी मुरून खालच्या घरात ओल आली, तर दुरुस्तीचा खर्च वरचा देणार, खालचा देणार की सोसायटी? प्रश्न बरोबर आहे. शाकारणीचा प्रश्न आहे तो, दुसरं काही नाही. आम्ही सुचवलंय की हा खर्च बेलापूरच्या अंगणासारखा सगळ्यांनी मिळून उचलावा आणि तसं उपविधीत लिहून घ्यावं. सचिवांनी मसुदा करायला सांगितलाय, तो अर्धा झालाय. आजच्या श्रोत्यांत कोणी गृहनिर्माण संस्थांचं काम पाहिलेलं असेल तर व्याख्यानानंतर जरूर भेटा. आता प्रश्न घेऊ.